सोनोग्राफीच्या खोलीतील पाटी

साताऱ्यातील, सांगलीतील किंवा मिरजेतील कोणत्याही सोनोग्राफी केंद्रात पाऊल टाकले की केसपेपर निघण्याआधीच एक पाटी दिसते. येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, ते करणे कायद्याने गुन्हा आहे, असा मजकूर. मराठीत आणि इंग्रजीत, येणाऱ्याच्या नजरेतून सुटणार नाही अशा जागी. मुतखड्याची कळ दाबत बसलेला साठीचा शेतकरीही त्याच पाटीखाली आपला नंबर येण्याची वाट पाहत असतो.

गर्भवती स्त्री आली असेल तर पुढचा क्रम ठरलेला आहे. दिवस कमी असतील तर भरपूर पाणी पिऊन थांबायला सांगतात. ओळखपत्र मागतात. एक लांबलचक फॉर्म भरून त्यावर सही घेतात. मग पोटावर गार जेली, त्यावरून फिरणारा प्रोब, आणि पडद्यावर करड्या सावल्या. डॉक्टर बाळाचे डोके मोजतात, मणका पाहतात, हृदयाचे ठोके ऐकवतात. एका गोष्टीबद्दल मात्र त्यांच्या तोंडून शब्द निघत नाही.

पाणी, जेली, फॉर्म, सही आणि ते मौन. यांतील प्रत्येक गोष्टीला इतिहास आहे. पहिल्या दोहोंचा इतिहास स्कॉटलंडमधला आहे. उरलेला बराचसा महाराष्ट्रात घडला, आणि त्यातील काही महत्त्वाची पाने कृष्णाकाठची आहेत.

आधी स्कॉटलंड. ग्लासगो हे जहाजबांधणीचे आणि जड यंत्रसामग्रीचे शहर. तेथील कारखान्यांत धातूच्या जोडांमधील अदृश्य भेगा शोधण्यासाठी ध्वनिलहरींचे यंत्र वापरीत. लहर धातूत सोडायची. भेग असेल तर तेथून प्रतिध्वनी लवकर परत येतो. १९५५ सालच्या जुलैत ग्लासगो विद्यापीठातील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयान डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारींच्या डिकीत घालून रेनफ्रू येथील बॅबकॉक अँड विलकॉक्स या बॉयलर कारखान्यात घेऊन गेले. तुलनेसाठी कारखान्याने गोमांसाचा एक मोठा तुकडा पुरवला. पाण्याने भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी निराळे येतात, हे त्या दिवशी स्पष्ट झाले.

टॉम ब्राउन हा तरुण अभियंता आणि जॉन मॅकव्हिकर हे डॉक्टर यांच्यासह डोनाल्ड यांनी ७ जून १९५८च्या 'लॅन्सेट'मध्ये आपले निष्कर्ष छापले. त्या काळातील एक रुग्ण वैद्यकाच्या इतिहासात कायमची नोंदली गेली. पोटाच्या असाध्य कर्करोगाचे निदान होऊन तिची आशा सोडलेली होती. यंत्राने दाखवले की ती बीजकोशाची प्रचंड, द्रवाने भरलेली गाठ आहे. गाठ काढली आणि ती स्त्री बरी झाली. हे यंत्र जन्मले ते स्त्रीचा जीव वाचवत, एवढे येथे लक्षात ठेवावे; पुढे त्याचे जे झाले ते त्या पार्श्वभूमीवर वाचायचे आहे.

जेलीचे कारण साधे आहे. सोनोग्राफीतील ध्वनी २ ते ५ मेगाहर्ट्झचा असतो. माणसाचा कान २० किलोहर्ट्झच्या पुढे ऐकत नाही. हा ध्वनी शरीराच्या मऊ भागांतून सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो, पण प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये हवेचा पातळ थर राहिला तरी जवळजवळ सगळा तेथूनच परत फिरतो. तो थर घालवण्यासाठी जेली. ग्लासगोत सुरुवातीला चक्क ऑलिव्ह तेल चोपडत.

पाण्याची युक्तीही डोनाल्ड यांचीच. आरंभीच्या महिन्यांत गर्भाशय ओटीपोटात खोल असते आणि हवेने भरलेली आतडी त्याच्या आड येतात. मूत्राशय भरले की आतडी बाजूला सरतात आणि लहरींना स्वच्छ खिडकी मिळते, हे त्यांच्या १९६३च्या सुमारास ध्यानात आले. सहा दशकांनंतरही विश्रामबागच्या एखाद्या केंद्रात पाण्याची बाटली हातात धरून अवघडून बसलेली बाई त्याच निरीक्षणाचा जाच सोसते आहे. दिवस भरत आले की याची गरज उरत नाही. योनिमार्गे तपासणी असेल तर उलट मूत्राशय रिकामे लागते. पित्ताशय पाहायचे असेल तर काही तास उपाशी राहावे लागते. क्ष-किरणांसारखा किरणोत्सर्ग मात्र यात नाही, आणि दुखत तर मुळीच नाही.

येथपर्यंतचा इतिहास ध्वनीचा. पाटीचा इतिहास निराळ्या वाटेने येतो, आणि त्याचा आरंभ सोनोग्राफीपासून होत नाही. तो होतो सुईपासून.

१९७०च्या दशकाच्या मध्यास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत गर्भजलपरीक्षेचे प्रयोग सुरू झाले. गर्भाभोवतीचे पाणी सुईने काढून आनुवंशिक व्यंग ओळखणे हा हेतू. त्याच पाण्यातून लिंगही कळते, हे आलेल्या कुटुंबांनी फार लवकर हेरले. सरकारी रुग्णालयांत लिंगनिदानासाठी ही चाचणी करण्यास मनाई झाली, तेव्हा खाजगी दवाखान्यांनी ती उचलली. १९८०च्या दशकात मुंबईत तिच्या उघड जाहिराती झळकू लागल्या. आत्ता काहीशे रुपये खर्चा आणि पुढचा लाखोंचा हुंडा वाचवा, अशा आशयाच्या.

१९८६ साली डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतील ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली. त्यांपैकी ४२ जण लिंगनिदानासाठी गर्भजलपरीक्षा करीत असल्याचे आढळले. चोरून नव्हे, चोरण्यासारखे काही त्या वेळी कायद्यात नव्हतेच. त्याच सुमारास मुंबईत स्त्री-संघटना, डॉक्टर आणि विज्ञानप्रसारक एकत्र येऊन 'फोरम अगेन्स्ट सेक्स डिटरमिनेशन अँड सेक्स प्रीसिलेक्शन' हा मंच उभा राहिला. मोर्चे, धरणी आणि विधिमंडळावरील दबाव यांची परिणती १९८८च्या कायद्यात झाली. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. केंद्राचा कायदा १९९४ साली संमत झाला आणि १ जानेवारी १९९६ रोजी अमलात आला.

कायदा झाला, परंतु तोपर्यंत सुई मागे पडत चालली होती. उदारीकरणानंतर सोनोग्राफीची यंत्रे स्वस्त झाली, लहान झाली, तालुक्याच्या गावी पोचली. गर्भजलपरीक्षेत गर्भपाताचा धोका असे आणि निकालासाठी थांबावे लागे. येथे धोका नाही, थांबणे नाही, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ती नेहमीचीच तपासणी वाटते.

परिणाम २००१च्या जनगणनेत दिसला. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुली किती, हा आकडा १९९१ ते २००१ या दहा वर्षांत सातारा जिल्ह्यात ९४१ वरून ८७८ वर आला. सांगलीत ९२४ वरून ८५१. शेजारच्या कोल्हापुरात ९३१ वरून ८३९. राज्याचा आकडा त्या वेळी ९१३ होता.

हे जिल्हे मागास नव्हते, आणि नेमके तेच समजून घेण्यासारखे आहे. कृष्णा-वारणेचे पाणी, उसाचे मळे, सहकारी साखर कारखाने, गावोगावी हायस्कुले. मिरजेत तर डॉ. विल्यम वॉनलेस यांचे मिशन हॉस्पिटल १८९४ पासून, आणि त्याभोवती वाढलेले वैद्यकीय शहर. सातारा जिल्ह्यातल्या नायगावात १८३१ साली सावित्रीबाई फुले जन्मल्या. अशा मुलखात आकडा असा कोसळला, कारण यंत्राला लागणारे सारे येथे हजर होते: पैसा, रस्ता, डॉक्टर, आणि जमिनीची वाटणी डोळ्यांसमोर ठेवून एक-दोन मुलांवर थांबणारे कुटुंब. मुलगा हवा ही इच्छा जुनीच होती. ती पुरवण्याची सोय नवी होती.

जुन्या इच्छेची जुनी खूण सातारा जिल्ह्यात मुलींच्या नावांत उरली होती. दोन-तीन मुलींनंतर पुन्हा मुलगीच झाली तर तिचे नाव नकुसा किंवा नकोशी ठेवायचे. म्हणजे पुढचा मुलगा होतो, अशी समजूत. शाळेच्या हजेरीपटावर, रेशनकार्डावर, पुढे लग्नपत्रिकेवरही तेच नाव. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने गावोगावी शोध घेतला तेव्हा अशा २८५ मुली आढळल्या. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात समारंभ होऊन त्यांना नवी नावे आणि नव्या नावांची प्रमाणपत्रे देण्यात आली. काही मुली त्या वेळी चांगल्या मोठ्या, शाळेत जाणाऱ्या होत्या आणि आपले नाव त्यांनी स्वतः निवडले.

या बातमीचे कौतुक देशाबाहेरही झाले. एक गोष्ट मात्र त्या कौतुकात झाकली गेली. नकुसा नाव मिळण्यासाठी मुलीला आधी जन्माला यावे लागते. सोनोग्राफीने ज्यांचा निर्णय आधीच लावला, त्यांच्यावर नको असलेले नावदेखील कोणी ठेवले नाही.

२००१च्या आकड्यांपूर्वीच काही जणांनी न्यायालयाची पायरी चढली होती. २००० साली मुंबईची 'सेहत', पुण्याची 'मासूम' आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. मागणी एवढीच, की असलेला कायदा पाळला जावा. ४ मे २००१ रोजी न्यायालयाने राज्यांना अंमलबजावणीचे आदेश दिले. पुढे यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांकडून त्यांनी ती कोणाकोणाला विकली, याच्या याद्याही मागवल्या. देशात किती यंत्रे आहेत हे सरकारला ठाऊक नव्हते. ते विक्रेत्यांच्या वह्यांतून काढावे लागले.

याच दबावातून कायदा सुधारला गेला आणि फेब्रुवारी २००३ पासून नव्या नावाने लागू झाला: गर्भधारणापूर्व व प्रसवपूर्व निदान तंत्र (लिंग निवडीस प्रतिबंध) कायदा. आजच्या रुग्णाला जे जे अनुभवास येते ते बहुतेक याच्या कलमांत आणि नियमांत सापडते. केंद्राची आणि यंत्राची नोंदणी समुचित प्राधिकाऱ्याकडे हवी. पाटी हवी. कायद्याची प्रत केंद्रात हवी आणि मागितल्यास रुग्णाला वाचायला मिळायला हवी. ती कोणी मागत नाही, हा भाग निराळा.

आणि 'एफ' फॉर्म. त्यात स्त्रीचे नाव, पत्ता, आधीची मुले किती आणि कोणती, कोणी पाठवले, तपासणी कशासाठी, असे सारे भरायचे. तपासणीच्या मान्य कारणांची यादी फॉर्मवरच छापलेली असते. खाली स्त्रीचे घोषणापत्र: मला गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही. त्याखाली डॉक्टरांचे: मी ते पाहिले नाही आणि कोणालाही कोणत्याही प्रकारे सांगितले नाही. दोन्ही सह्या झाल्यावर कागद किमान दोन वर्षे जपायचा आणि महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत प्राधिकाऱ्याकडे धाडायचा. अनेक स्त्रिया हा फॉर्म न वाचता सही करतात. तो वाचून घ्यावा, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगावे. तिच्या स्वतःच्या भाषेत तो समजावून मिळणे अपेक्षित आहे.

'कोणत्याही प्रकारे' हे शब्द उगाच आलेले नाहीत. शब्दाने, खुणेने वा अन्य रीतीने लिंग कळवण्यास कायदा मनाई करतो, कारण खुणांची एक अख्खी भाषा तयार झाली होती. मुलग्याला पेढा आणि मुलीला बर्फी ही बारशाची रीत त्या भाषेला आयतीच मिळाली. अहवाल कोणत्या वारी न्यायला बोलावले, यावरूनही सांगणे होई.

ही भाषा न्यायालयात सिद्ध करायची कशी? बोलणारा नाकारतो, ऐकणारा लाभार्थी असतो, आणि जिच्या पोटातील गर्भाबद्दल हे चालले आहे ती बहुधा सासरच्या गराड्यात असते. साताऱ्याच्या ॲड. वर्षा देशपांडे आणि त्यांच्या दलित महिला विकास मंडळाने यावर उपाय काढला. 'लेक लाडकी अभियाना'तून त्यांनी खऱ्याखुऱ्या गर्भवती स्त्रियांना, त्यांच्या संमतीने, संशयित केंद्रांत रुग्ण म्हणून पाठवले. सोबत पंच, नोंद केलेल्या नोटा, छुपे ध्वनिमुद्रण. डॉक्टरने सांगितले की लगेच पंचनामा. नेहमीचा साक्षीदार ज्या ठिकाणी फुटतो, तेथे येथे साक्षीदार स्वतः तपासणीच्या खाटेवर झोपलेली असे. दिवस गेलेल्या बाईने धमक्या पचवायच्या आणि पुढे मूल कडेवर घेऊन तारखांना हजर राहायचे. त्या स्त्रियांची नावे बहुतेकांना ठाऊक नाहीत, आणि त्यांच्यावाचून यांतले अनेक खटले उभेच राहिले नसते. देशपांडे यांना २०२५ साली संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला.

कोल्हापुरात दुसरी वाट चोखाळली गेली. २०१०च्या सुमारास तेथील जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी प्रत्येक सोनोग्राफी यंत्राला 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचे उपकरण जोडण्यास आणि 'एफ' फॉर्म ऑनलाइन भरण्यास सांगितले. उपकरण पडद्यावरील चित्रे साठवून ठेवते. रेडिओलॉजिस्टांची संघटना रुग्णाच्या खाजगीपणाचा मुद्दा घेऊन उच्च न्यायालयात गेली. २०११च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश योग्य ठरवला. देशमुख हे मराठीतले कथाकारही. पुढे बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि या विषयावर त्यांनी कथाही लिहिल्या.

डॉक्टरांची बाजूही ऐकायला हवी. फॉर्ममधील एखादा रकाना रिकामा राहिला, तारीख चुकली, तरी तो कायद्याचा भंग समजला जातो, यंत्राला सील लागते आणि खटला उभा राहतो. प्रामाणिक डॉक्टर कारकुनी चुकीत सापडतो आणि सराईत गुन्हेगाराचे फॉर्म मात्र अगदी निर्दोष असतात, ही त्यांची तक्रार. २०१६च्या सप्टेंबरात रेडिओलॉजिस्टांनी देशभर संपही केला. ३ मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महासंघाची याचिका फेटाळली. तो कागद हाच गुन्हा पकडण्याचा मुख्य आधार आहे, त्याला कारकुनी म्हणून हलके लेखता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख. तक्रारीत तथ्य आहे. पण कागद नसता तर काय उरले असते, याचे उत्तर सांगली जिल्ह्यात दोन वर्षे आधीच मिळाले होते.

म्हैसाळ हे मिरज तालुक्यातले गाव तोवर लोकांना ठाऊक होते ते कृष्णेचे पाणी दुष्काळी भागाकडे चढवणाऱ्या उपसा सिंचन योजनेमुळे. २०१७च्या फेब्रुवारीअखेर तेथील एका खाजगी रुग्णालयात बेकायदा गर्भपात करताना एका तरुण विवाहितेचा मृत्यू झाला. गर्भपात करणारा होमिओपॅथीचा पदवीधर होता. तपास सुरू झाला आणि मार्चच्या आरंभी गावातील ओढ्यालगतच्या जमिनीतून १९ भ्रूण उकरून काढण्यात आले. तपासाचे धागे सीमेपलीकडे कर्नाटकातही गेले. म्हैसाळपासून राज्याची हद्द हाकेच्या अंतरावर आहे. एका राज्यातील प्राधिकाऱ्याचा कागद दुसऱ्या राज्यात चालत नाही, हे या धंद्याने चांगलेच ओळखले होते.

म्हैसाळनंतर तपासण्यांच्या मोहिमा निघाल्या आणि एक घोटाळाही वाढला. गर्भपात भारतात १९७१च्या कायद्याने अटींसह वैध आहे. गुन्हा आहे तो लिंग पाहून केलेल्या निवडीचा. भीतीपोटी काही ठिकाणी वैध गर्भपातही नाकारले जाऊ लागले आणि अडचणीत सापडलेली स्त्री पुन्हा म्हैसाळसारख्याच दारात जाण्याचा धोका उभा राहिला. कायद्याची याबाबतची भूमिका तशी स्पष्ट आहे. लिंगनिदान झालेले असेल तर स्त्रीवर पती वा नातेवाइकांनी बळजबरी केली, असे न्यायालय प्रथम गृहीत धरते. तसे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार दुसऱ्या बाजूवर.

खोलीच्या आत त्या गृहीतकाचा अर्थ प्रत्यक्ष दिसतो. सासूबाई दाराशी उभ्या असतात. "डॉक्टरसाहेब, समदं ठीक हाय न्हवं?" या प्रश्नात दुसरा प्रश्न लपलेला असतो, आणि डॉक्टर पहिल्याचेच उत्तर देतात. पाचव्या महिन्याची तपासणी असेल तर ते उत्तर पुष्कळ लांब असू शकते: मेंदूची रचना, ओठ, हृदयाचे चार कप्पे, जठर, मूत्रपिंडे, हातपाय, वार कोठे आहे, पाणी किती आहे. हे सारे विचारण्याचा रुग्णाला हक्क आहे आणि ते नीट सांगणे डॉक्टरांचे काम आहे. एक व्यंग दिसले नाही म्हणजे कोणतेच व्यंग नाही, असा त्याचा अर्थ नसतो, हेही सांगायला हवे.

मग कागदी रुमालाने जेली पुसली जाते. अहवाल हातात पडतो. त्यात आठवडे, मिलिमीटर, ग्रॅम, ठोक्यांचा दर. तळाशी डॉक्टरांचे ते ठरलेले घोषणावाक्य आणि सही. 'एफ' फॉर्म फाइलमध्ये जातो. बाहेर पाटीखाली पुढचा नंबर पुकारला जातो.